फळीकाका साक्षर होतात

परीक्षा मंडळाच्या कार्यालयात एकाच माणसाची नेमणूक त्याला काही येत नाही म्हणून झाली होती. बाकीच्यांबद्दल तसं उघड कुणी म्हणत नसे.

त्या माणसाला सगळे फळीकाका म्हणत. मंडळाची गोपनीय शाखा आणि मंडळाचा छापखाना यांच्यामध्ये एक अंगण होतं, दोनशे बारा पावलांचं. बाहेरचं जग कधीच संगणकावर गेलं होतं, पण संगणकातून पेपर फुटतो आणि शिशाच्या खिळ्यांतून फुटत नाही, अशी मंडळाची खात्री होती. त्यामुळे प्रश्नपत्रिका अजून खिळे जुळवून छापल्या जात. छापखान्यातून कच्ची प्रुफं निघत, तपासायला गोपनीय शाखेत जात आणि दुरुस्त्या होऊन परत येत. शाई ओली असे. एकदा भूगोलाची प्रुफं पाकिटात घालून नेली, तर सगळे खंड एकमेकांत मिसळून नुसता काळा चिखल पोचला. तेव्हापासून प्रुफं लाकडी फळीवर, उघडी, अक्षरं वर करून न्यायची पद्धत पडली.

तपासणारे आणि जुळवणारे छपाईच्या दिवसांत कुलपातच राहत. संध्याकाळी घरी जाणारा माणूस एकच, फळी वाहणारा. म्हणून नियम होता की फळी वाहणारा अनक्षर असावा.

चोवीस वर्षांपूर्वी मुलाखतीत फळीकाकांच्या हातात उलटं वर्तमानपत्र दिलं होतं. त्यांनी ते उलटंच धरून ठेवलं. मग एका साहेबांनी पाटीवर लिहून दाखवलं, ‘तुमच्या पायाशी साप आहे.’ फळीकाका पाटीकडे बघून नम्रपणे हसले. त्याच दिवशी नेमणुकीच्या कागदावर त्यांचा अंगठा घेण्यात आला.

त्या दिवशी ते खरोखरच अनक्षर होते. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे तेवढं एकच त्यांच्या बाजूने उरणार होतं.

दोन वर्षांनी त्यांची मुलगी शाळेत जायला लागली. तिला घरी शाळा-शाळा खेळायचं असे आणि विद्यार्थी मिळत नसे. आई शिवणाच्या मशीनवरून उठायची नाही. राहिले बाबा. मुलगी मास्तरीण म्हणून कडक होती, चुकलं की पट्टीने पोटरीवर मारायची. खेळ दोन वर्षं चालला. एका दुपारी फळी घेऊन अंगणातून जाताना, नव्वदाव्या पावलाच्या आसपास, फळीकाकांच्या लक्षात आलं की पाणी किती अंशांवर उकळतं हा प्रश्न आपल्याला कुणीतरी विचारतंय. आजूबाजूला कुणी नव्हतं. प्रश्न फळीवरून येत होता.

ते थांबले. मग परत चालू लागले. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पुढे वीस वर्षं इतिहास, गणित, शास्त्र, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलं. फळीवर नजर ठेवावीच लागे, नाहीतर कागद उडाला असता. आणि एकदा वाचता यायला लागलं की न वाचणं काही जमत नाही, डोळे मिटले तरच. अंगणात दोन पायऱ्या होत्या.

अशा रीतीने मंडळातला सर्वांत चौफेर शिकलेला माणूस पगारपत्रकावर अंगठा उठवत होता, आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

मग वरून परिपत्रक आलं. ज्ञान हेच विकासाचं भांडवल असल्याने प्रत्येक कार्यालयाने वर्षअखेरपर्यंत शंभर टक्के साक्षर व्हावं. झालेल्या कार्यालयाला दारावर लावायला पितळी पाटी मिळेल. पाणीपुरवठ्याला ती मिळाली. सांडपाण्यालाही मिळाली. परीक्षा मंडळाला मिळेना.

“लोक हसतायत आपल्याला,” सचिव साहेब गोपनीय शाखेच्या मॅडमना म्हणाले. “दहा लाख मुलांची परीक्षा घेतो आपण, आणि आपल्या घरात एक अंगठा.”

“तो अंगठा आहे म्हणून दहा लाख मुलांची परीक्षा होते, सर.”

यापुढचं बोलणं लेखी झालं, कारण दोघेही जबाबदार अधिकारी होते. साहेबांनी टिपण पाठवलं की सदर कर्मचाऱ्यास तीन महिन्यांत साक्षर करावे. मॅडमनी उत्तर दिलं की साक्षर होताच सदर कर्मचारी गोपनीय कामास अपात्र ठरेल आणि साक्षरतेच्या वर्षात अनक्षर उमेदवारासाठी जाहिरात देणे शोभणार नाही. साहेबांनी लिहिलं की शोभेचा प्रश्न पाटीच्या बाबतीतही आहे. ही टिपणं अत्यंत गोपनीय असल्याने ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्याचं काम फळीकाकांकडेच होतं. स्वतःचं भवितव्य त्यांनी असं हप्त्याहप्त्याने, जिन्यात उभं राहून वाचलं. निर्णय साहेबांच्या बाजूने लागला, हे त्यांना साहेबांच्या आधी कळलं. मॅडमनी सही केलेला कागद साहेबांकडे तेच घेऊन गेले होते.

फळीची त्यांना फार काळजी नव्हती. फळी गेली तर फाटकावर बसवतील. त्यांची पाचावर धारण बसली ती दुसऱ्याच गोष्टीने. त्यांना आता वाचायला शिकायचं होतं, आणि ते पटेल अशा वेगाने. फार लवकर शिकले तर कुणीतरी विचारेल, हे आधीपासून येत होतं का? आणि मग कुणीतरी जुनी वर्षं मोजेल. त्या वर्षांत त्यांच्या मुलीचं दहावीचं वर्ष होतं. मुलगी आता इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात होती. तिचं सगळं पुढचं शिक्षण, नोकरी, घर त्या एका प्रमाणपत्रावर उभं होतं. बाप पेपर वाहत होता आणि बापाला वाचता येत होतं, एवढी दोन वाक्यं शेजारी ठेवली की प्रमाणपत्राचा नुसता कागद व्हायला वेळ लागला नसता.

शिकवायला एक निवृत्त शिक्षिका नेमल्या. अडतीस वर्षं पहिलीचा वर्ग, नंतर प्रौढांचे वर्ग. रोज चार वाजता जुन्या दफ्तरांच्या खोलीत त्या दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या.

“फळीकाका, भीती वाटते का?” बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

“वाटते, बाई.”

“वाटायचीच. सगळ्यांना वाटते.”

फळीकाकांनी मन लावून गृहपाठ सुरू केला. गृहपाठ चुकांचा होता. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि नात पहिलीत होती. फळीकाका संध्याकाळी जाऊन नातीशेजारी बसत आणि ती कुठे अडखळते ते बघत. कान्याकडे दुर्लक्ष करते. ‘भ’ला ‘म’ म्हणते. जोडाक्षर आलं की पाणी मागते. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते तेच सगळं बाईंसमोर मांडत, पाणीसुद्धा.

“आजोबा, तुम्ही माझ्याच चुका का बघता?” नातीने एकदा विचारलं.

“तुझ्या छान असतात.”

तीन आठवडे बरे गेले. मग बाई एकदा चष्मा पुसत म्हणाल्या, “गंमत आहे, फळीकाका. तुमच्या चुका सहा वर्षांच्या पोरीच्या आहेत. मोठी माणसं अशी चुकत नाहीत. मोठी माणसं पहिलं अक्षर बघतात आणि पुढचा शब्द ठोकून देतात.”

फळीकाकांनी दुसऱ्या दिवसापासून ठोकून द्यायला सुरुवात केली. बाई त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

साक्षरतेची परीक्षाही मंडळच घेणार होतं, त्यामुळे तिची प्रश्नपत्रिकाही मंडळातच छापली गेली. परीक्षार्थीने प्रश्नपत्रिकेजवळ जाऊ नये असा कडक नियम आहे. पण फळी दुसऱ्या कुणाच्या हातात देता येत नव्हती आणि परीक्षार्थी अजून अनक्षर असल्याने हरकत कुणी घेतली नाही. फळीकाकांनी स्वतःचा पेपर स्वतः वाहून नेला. जाताना त्यांनी पहिल्यांदाच आभाळाकडे बघत चालायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या पायरीवर ठेचकाळले. कागद सावरताना पाचही प्रश्न वाचून झाले.

परीक्षेला आठवडा राहिला असताना ती चूक झाली. धडा विहिरीचा होता. फळीकाका बोट ठेवून, एकेक अक्षर सोडवत वाचत होते. दिवसभर जिने चढून दमले होते. पानाच्या तळाशी आले आणि त्यांनी पान उलटलं.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “पान का उलटलंत?”

“संपलं म्हणून.”

“शेवटची अर्धी ओळ राहिली होती. तुम्ही पान उलटलंत आणि मग ती म्हटलीत. बरोबर म्हटलीत.”

फळीकाकांनी पान परत उलटून तळाशी बोट टेकवलं.

“शिकाऊ माणूस शेवटच्या अक्षरावर बोट टेकवतो, एक श्वास घेतो, मग पान उलटतो. अडतीस वर्षं बघतेय. ज्याचे डोळे तोंडाच्या पुढे धावतात तो शिकाऊ नाही.” बाईंनी पुस्तक मिटलं. “किती वर्षं?”

खोलीत दफ्तरांच्या गठ्ठ्यांशिवाय कुणी नव्हतं. फळीकाका म्हणाले, “वीस.”

“कुणी शिकवलं?”

“मुलीने. खेळताना.”

“आणि मुलगी दहावीला इथेच बसली असेल, आपल्याच मंडळात.”

“बसली.”

“मुलं परीक्षेला असली की कर्मचाऱ्याला त्या वर्षी गोपनीय कामावर ठेवत नाहीत ना?”

“त्याचा फॉर्म भरून द्यावा लागतो, बाई. मला लिहिता येत नाही म्हणून मला फॉर्म दिलाच नव्हता.”

बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. “किती पडले तिला?”

“गणितात एकतीस. पस्तीसला पास होते. नापास झाली. पुढच्या वर्षी परत बसली, तेव्हा सुटली.”

“ती नापास झाली तो गणिताचा पेपर तुम्ही नेलात?”

“चार वेळा. दोनदा जाताना, दोनदा येताना.”

“आणि तिला सांगितलं नाहीत.”

“काय सांगणार, बाई?” फळीकाका म्हणाले. “मी अनक्षर माणूस.”

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. अंगणात कुणीतरी सायकल लावत होतं. ती लावून होईपर्यंत त्या बघत राहिल्या. त्यांच्याकडे मंडळाने दिलेली प्रगतीची वही होती आणि तीत आज काहीतरी लिहायचं होतं. लिहिलं तर वीस वर्षांचे निकाल उघडे पडणार होते. त्यांच्या स्वतःच्या शाळेतली निम्मी मुलं त्या निकालांत होती. आणि एक माणूस होता, ज्याने चार गुणांसाठी पोटच्या पोरीला नापास होऊ दिलं होतं.

त्या परत आल्या, वहीत ‘प्रगती संथ पण समाधानकारक’ असं लिहिलं आणि म्हणाल्या, “उद्यापासून पान मी उलटेन.”

परीक्षेत फळीकाकांनी हिशेबाने बेचाळीस गुणांचं लिहिलं. दोन प्रश्न कोरे सोडले, एक मुद्दाम चुकवला. निकाल लागला तेव्हा त्यांना शंभरपैकी शहाण्णव होते. कोऱ्या प्रश्नांनाही गुण पडले होते. चार कापले होते ते अक्षर वळणदार नाही म्हणून. वीस वर्षं प्रश्नपत्रिका वाहून त्यांना एक गोष्ट कधी कळली नव्हती, ती त्या दिवशी कळली. कार्यालयाच्या मनात असलं की उत्तरपत्रिकेचा फारसा अडथळा होत नाही.

पितळी पाटीच्या समारंभाला सभागृह भरलं होतं. मुलगी रजा टाकून आली होती, पाचव्या रांगेत बसली होती. सचिव साहेबांनी भाषण केलं. शिक्षणाने माणूस उभा राहतो, माणूस उभा राहिला की घर उभं राहतं आणि घरं उभी राहिली की देश उभा राहतो, असं ते म्हणाले. त्या वेळी मागे उभे असलेले लोक खुर्च्या मागत होते. मग ते म्हणाले, “आपले फळीकाका आता आपल्याला दोन पानं वाचून दाखवतील. तीन महिन्यांपूर्वी त्यांना स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं.”

फळीकाका उभे राहिले. शेजारी बाई येऊन उभ्या राहिल्या. फळीकाकांनी बोट ठेवून, थांबत, दोनदा पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देत पहिलं पान संपवलं. शेवटच्या अक्षरावर बोट टेकलं, श्वास घेतला. बाईंनी पान उलटलं. सभागृहात दोघांनी डोळे पुसले आणि त्यांतले एक साहेब होते.

टाळ्या संपल्यावर मॅडमनी त्यांच्या हातात एक पाकीट दिलं. आपण आता साक्षर झाल्याने आपणास गोपनीय कामातून मुक्त करण्यात येत आहे, उद्यापासून फाटकावर हजर व्हावे. पाकीट देताना मॅडम म्हणाल्या, “वाचा, वाचा. आता काय, वाचता येतं तुम्हाला.” फळीकाकांनी ते पुरेसा वेळ लावून वाचलं.

“मग फळी कोण नेणार, मॅडम?”

“काढली जाहिरात. वर्तमानपत्रात.” मॅडमनी कपाळ चोळलं. “पावणेदोनशे अर्ज आलेत. सगळ्यांनी लिहिलंय की मला लिहितावाचता येत नाही. अक्षर काय सुंदर आहे एकेकाचं.”

फळीकाका मुलीबरोबर तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. नात पलीकडे पुस्तक काढून बसली. मुलीने चहा ठेवला.

“बाई शेजारी का उभ्या होत्या?” तिने विचारलं.

“पान उलटायला.”

मुलगी हसायला लागली. “ती खोड अजून आहे? त्यासाठी किती पट्ट्या खाल्ल्यात तुम्ही माझ्या हातच्या.” मग चहा गाळता गाळता म्हणाली, “बाबा, आता तुम्ही फळीवर नाही. आता एक विचारलं तर चालेल?”

“विचार.”

“माझ्या दहावीच्या वर्षी मी वर्तुळाचा धडा उघडला की तुम्ही उठून बाहेर का जायचात?”

फळीकाकांनी कप खाली ठेवला. हे उत्तर त्यांनी बारा वर्षं सांभाळून ठेवलं होतं, कधीतरी द्यायला मिळेल म्हणून. “वर्तुळावर मोठा प्रश्न होता. तू तो धडा करतेस का, हे बघायचा मोह नको आणि माझ्या चेहऱ्यावरून तुला काही कळायला नको. म्हणून उठायचो. इतर धड्यांनाही उठलोय. जे जे पेपरात होतं, त्या त्या वेळी मी त्या खोलीत थांबलो नाही.” आणि पुढे म्हणाले, “चार गुणांनी गेलीस तेव्हा फार वाईट वाटलं. पण तुला कुणी काही म्हणू शकणार नाही, एवढं समाधान होतं.”

मुलीने गाळणी खाली ठेवली.

“मला वाटलं, तुम्ही उठताय म्हणजे हा धडा येणार नाही. बसून काय करायचं, असं तुमच्या मनात असेल. म्हणून मी वर्तुळ सोडून दिलं. तुम्ही ज्या ज्या धड्याला उठलात, ते सगळे सोडले. म्हणून एकतीस.”

चहावर साय धरत होती. फळीकाकांनी ती चमच्याने बाजूला केली, मग पुन्हा मध्ये आणली.

“पुढच्या वर्षी?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या वर्षी माझ्या लक्षात आलं होतं. दरवाज्याकडे लक्ष ठेवून अभ्यास केला. तुम्ही पाच धड्यांना उठलात. ते पाच केले. एक्क्याऐंशी पडले.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे कशाला?”

वीस वर्षं ताकास तूर लागू न दिलेल्या माणसाने एकदा पेपर फोडला होता, आणि तो पाठ फिरवून. मंडळाच्या सगळ्या नियमांत पाठीबद्दल काही नव्हतं.

“म्हणजे ते प्रमाणपत्र...” ते म्हणाले.

“बाबा, मी रक्त तपासते. रोज दीडशे नळ्या. एकही चूक नाही, सहा वर्षं. वर्तुळाचं तिथे मला कुणी विचारत नाही.” तिने कप त्यांच्याकडे सरकवला. “प्या. गार होतोय.”

पलीकडे नातीने पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. फळीकाका सवयीने उठले आणि दाराकडे दोन पावलं गेले.

“कुठे निघालात?” मुलगी म्हणाली.

ते परत येऊन नातीशेजारी बसले. नातीने ‘भ’ला ‘म’ म्हटलं आणि पुढे गेली. पानाच्या तळाची ओळ त्यांची कधीच वाचून झाली होती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि नातीचं बोट शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायची वाट बघत बसले.